चुळीचा तांब्या

“मास्क काढ. आधी चूळ भर, मग आत ये.”

वकीलसाहेबांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मागच्या दारात माझ्यापुढं तांब्या ठेवला. हातात दिला नाही. फरशीवर ठेवून काठीनं पुढं सरकवला. तांब्यात पाणी, त्यात तुळशीचं पान आणि दोन थेंब गोमूत्र. सकाळचे सात वाजले होते. माझे हात सॅनिटायझरनं धुऊन झाले होते, अंगावर प्लास्टिकचा झगा होता, डोक्याला टोपी. वर गच्चीवरच्या खोलीत त्यांचे सासरे, आप्पा, कोरोनानं आजारी पडले होते. त्यांची शी-शू काढायला, त्यांना भरवायला मला आणलं होतं. कालच आले होते मी.

“चूळ कशापायी, वहिनी?”

“सकाळी फोनवर काय ते नाव घेत होतीस की. ऐकलंय मी. ते नाव घेतलेलं तोंड घेऊन आमच्या आप्पांपाशी जायचं नाही. इथंच थुंक ते.”

त्या दिवसांत सगळं जग तोंड झाका म्हणून ओरडत होतं. टीव्हीवर ओरडत होतं, रिक्षाच्या भोंग्यावर कन्नडमधून आणि मराठीतून ओरडत होतं. आणि बेळगावात, टिळकवाडीतल्या या शिकलेल्या घरात मला मास्क काढायला लावून दारात थुंकायला सांगत होते. वहिनी स्वतः दोन मास्क लावून उभ्या होत्या. आजाराची भीती होतीच, पण येशूची जास्त होती. रोगाला मास्क पुरतो, येशूला गोमूत्र लागतं, असा हिशेब होता त्यांचा. वहिनी एम.एस्सी. आहेत.

मी चूळ भरली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला शूर समजेल. मी मास्क काढला, तोंडात पाणी घेतलं, मोरीत थुंकले. वर हसलेही. का हसले ते आजही मला कळत नाही. त्या हसण्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

मी पंधरा वर्षं एका लहानशा नर्सिंग होममध्ये आया होते. टाळेबंदी लागली आणि ते बंद पडलं. आम्हा आयांना घरी बसवलं. वकीलसाहेबांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. ते स्वतः गाडी घेऊन माझ्या खोलीसमोर आले. काच दोन बोटं खाली केली आणि आतून म्हणाले, “सिस्टर, आमचे वडील आहेत. कोणी यायला तयार नाही. तुम्हीच या.” सिस्टर म्हणाले. तुम्ही म्हणाले. ताप एकशे तीन असला की ही माणसं फार छान बोलतात.

हे वकीलसाहेब मला नवीन नव्हते. त्यांचं भाषण मी ऐकलं होतं. निपाणीकडच्या आमच्या गावात मराठीसाठी सभा झाली होती, तेव्हा ते आले होते. दंडाला काळी फीत होती. फार पोटतिडकीनं बोलले. कर्नाटक सरकार आपल्याला आपल्या भाषेत कागद देत नाही, असं म्हणाले. माणसाला जी भाषा कळत नाही त्या भाषेतल्या कागदावर त्याची सही घेणं हा त्याचा अपमान आहे, असंही म्हणाले. मी मागं उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. कडोलीच्या साहित्य संमेलनात तर दर वर्षी पहिल्या रांगेत बसतात ते, आणि समतेवर कुणी बोललं की मान डोलावतात. मराठी माणूस सारा एक, हे त्यांचं आवडतं वाक्य. मी मराठीच बोलते. पण त्या ‘सारा’मध्ये मी बसत नव्हते.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आयुष्यभर खाली बसून तंबाखू निवडली तिनं. गावातही खालीच बसायची, दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या बाहेर. मग कुणाच्यातरी सांगण्यावरून एका रविवारी ती पत्र्याच्या चर्चमध्ये गेली. तिथं बाकडी होती. एक बाई बाजूला सरकली आणि म्हणाली, बसा की. आई सांगायची, “येशू मला मागनं आवडला गं. आधी बाकडं आवडलं.” दुधाच्या भुकटीला भुलून बाटली, असं तिला गावात म्हणत. भुकटी बिकटी काही मिळाली नाही. बसायला जागा मिळाली. ज्यांच्या घरी ढीगभर खुर्च्या आहेत त्यांना हे समजायचं नाही आणि मी समजावून सांगायला बसणार नाही.

टाळेबंदीत ते पत्र्याचं चर्चही बंद झालं. आमचे पाळक आठवडाभर भिंती रंगवायचे आणि रविवारी उपासना चालवायचे. त्यांचं कामही गेलं. पण माणूस स्वस्थ बसला नाही. आमच्यातल्या बहुतेकांकडं बटनांचे फोन. त्यावर चार-पाच जणांना एकदम जोडता येतं. पाळक पहाटे साडेपाचला चार घरं जोडायचे, त्या दिवशीचं बायबलमधलं एक वचन सांगायचे, आजारी माणसांची नावं घ्यायचे, प्रार्थना करायचे. मग त्या चौघांनी पुढच्या चौघांना फोन करायचा. आम्ही त्याला साखळी म्हणायचो. निपाणीतनं निघालेलं वचन संकेश्वरच्या एका बाईकडं यायचं, तिच्याकडनं साडेसहाला माझ्याकडं. संकेश्वरची बाई उत्साही. वचनात स्वतःची दोन-तीन वाक्यं घालूनच ती ते पुढं पाठवायची. माझ्यापुढं चार बायका होत्या, एक कडोलीची, एक नंदगडची, दोघी बेळगावातल्या. माझा फोन गेला नाही तर त्या चौघींना त्या दिवशी काही मिळणार नव्हतं. नंदगडच्या बाईचा नवरा दवाखान्यात होता आणि तिला भेटू देत नव्हते. ती सहापासून फोन हातात धरून बसायची.

वकीलसाहेबांनी मला मागं गॅरेजशेजारची खोली दिली होती. तिथं उभी राहून मी फोनवर बोलायचे. तेच वहिनींनी ऐकलं आणि तांब्या आला.

आता आप्पांचं सांगते. आप्पा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पंच्याहत्तर वय, ताठ माणूस, शब्द तोलूनमापून. डॉक्टर फोनवर औषधं सांगायचे. घरातलं कुणी जिन्याच्या वर यायचं नाही. जेवण जिन्याच्या वळणावर स्टुलावर ठेवायचे आणि टाळी वाजवायचे. टाळी वाजली की मी जाऊन ताट उचलायचे. मुलगा रोज संध्याकाळी बापाला व्हिडिओ कॉल करायचा. एकाच घरात, खालच्या हॉलमधनं वरच्या खोलीत. “आप्पा, आम्ही सगळे तुमच्याबरोबर आहोत,” असं म्हणायचा. मी फोन आप्पांच्या तोंडासमोर धरून उभी असायचे. मला हसू यायचं. मास्कचा तेवढा फायदा होता.

चौथ्या दिवशी सकाळी आप्पांचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला. घाबरले होते. मी त्यांना पालथं झोपवलं, छातीखाली उशी दिली, पाठ चोळत बसले. अर्ध्या तासानं आकडा हळूहळू वर आला. त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

“तुला भीती वाटत नाही काय गं?”

“वाटती की.”

“मग हात कसा लावतीस? माझी माणसं लावत नाहीत.”

“येशूनं महारोग्याला हात लावलता, आप्पा. मला तर हातमोजं हायत.”

 मग म्हणाले, “सकाळी खाली फोनवर तेच काय ते बोलतीस? आवाज येतो वर.”

“प्रार्थना असती. आजारी लोकांची नावं घेतो. तुमचंबी घेतो.”

“माझं नाव? कुणाला माहीत?”

“निपाणीपासनं नंदगडपतूर सगळ्यांना.”

ते रडले. मुख्याध्यापक माणूस उशीत तोंड घालून रडला. मग म्हणाले, “इथं म्हण. माझ्यासमोर.”

“नको आप्पा. घरात चालायचं न्हाय.”

त्यांनी मान जिन्याकडं वळवली. “घर कुठं आहे इथं? म्हण. हुकूम समज माझा.”

मी परत विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. त्यांनी तिन्ही वेळा म्हण असंच सांगितलं. मग मी म्हटली प्रार्थना. साधी, आमच्या बोलीतली. या माणसाला श्वास दे, याची भीती काढ, एवढीच. शेवटी मी आमेन म्हटलं आणि तेही आमेन म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून नेमच झाला, सकाळी वचन आणि ताट पुढं आलं की प्रार्थना. मी मोठा फोन वापरत नव्हते, पण माझ्या डबड्यालाही स्पीकर होता. वचन आलं की मी स्पीकर लावून ते कागदावर उतरवायचे आणि वर न्यायचे. आप्पा ऐकायचे आणि संकेश्वरच्या बाईची वाक्यं बरोबर पकडायचे. “हे मूळचं नसणार. हे कुणीतरी पदरचं घातलंय.” माझा उच्चार चुकला की थांबवायचे, परत म्हणायला लावायचे. ज्या दिवशी वचनाचा अर्थ नीट लागला त्या दिवशी खूश असायचे. विचारायचे तेवढं मी सांगायचे. येशू कुणाकडं जेवायचा, कुणाला शिवायचा, त्याला कुणी मारलं. होय, सांगितलं मी. आवडीनं सांगितलं. जे मला जगवतं ते मरायला टेकलेल्या माणसाला सांगायचं नाही, तर कुणाला सांगायचं? धर्म बदला, असं मात्र मी म्हटलं नाही. धर्म बदलण्याइतका श्वास त्यांच्यात नव्हताही.

आणि हे सगळं चालू असताना मी रोज सकाळी सात वाजता मागच्या दारात चूळ भरत होते. खाली थुंकायचं आणि वर जाऊन तेच नाव घ्यायचं. वहिनी खात्री करायच्या, “नीट भरलीस काय? खळखळून?” अकरा दिवस. त्या अकरा दिवसांबद्दल मला कुणी विचारलं तर मी मान वर करून उत्तर देऊ शकत नाही. मनात म्हणायचे, पाणीच तर आहे. पाणी नव्हतं ते. मी रोज सकाळी सही करत होते की माझं तोंड घाण आहे.

बाराव्या दिवशी आप्पांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. घरात पेढे आले. आप्पांना खाली आणलं, डायनिंग टेबलावर बसवलं, पुण्याच्या मुलीला व्हिडिओवर घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांचं औषध घेऊन उभी होते. वहिनींनी वरण-भात वाढला, वर तूप घातलं. आप्पांनी ताट पुढं ओढलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “आमेन.”

सवयीनं तोंडातनं गेलं बिचाऱ्यांच्या.  फोनमधनं पुण्याची मुलगी विचारत होती, “आप्पा काय म्हणाले? काय म्हणाले आप्पा?”  आप्पांनी डोळे उघडले, सगळ्यांकडं बघितलं आणि ते गपचूप भात कालवायला लागले.

त्याच संध्याकाळी वरची खोली धुतली. मी दोनदा उकळून धुतलेल्या चादरी त्यांनी जाळल्या. सगळीकडं गोमूत्र शिंपडलं. ज्या पाठीवर माझे हात बारा दिवस फिरले, ती पाठ मात्र त्यांनी ठेवून घेतली. तिला काय करणार? रिपोर्ट आल्याच्या मिनिटापासून सिस्टर बंद झालं होतं. आता ‘ए बाई’ होते मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, “चूळ भरून हॉलमध्ये ये. साहेबांनी बोलावलंय.” भरली. तीही भरली. पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये पाय ठेवला. सोफा, पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात देव्हारा, भिंतीवर साहेबांचे सत्काराचे फोटो. आप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मला कुणी बस म्हटलं नाही.

साहेबांनी टीपॉयवर एक कागद ठेवला, त्यावर पेन.

“आरोग्य खात्याचा कागद आहे. पेशंट बरा झाला, तुझं काम संपलं, एवढंच आहे त्यात. खाली सही कर आणि जा.”

कागद कन्नडमध्ये टाइप केलेला होता.

या माणसाला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी. मी सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकले. आमच्या वस्तीला तीच शाळा जवळ होती. नर्सिंग होममध्ये पंधरा वर्षं रुग्णांच्या फायली मी लावल्या, त्यातल्या निम्म्या कन्नड. पण साहेबांच्या डोक्यात पक्कं होतं की मराठी बोलणाऱ्या आयाला कन्नड अक्षर कसलं येतंय. त्यांना स्वतःला ते धड लिहिता येत नव्हतं, कारकुनाकडनं लिहून घेतलं होतं.

मी कागद उचलला आणि वाचला. सावकाश वाचला. मग मोठ्यानं, मराठीत करून, आप्पांकडं तोंड करून वाचला. मी, अमुक अमुक, असं कबूल करते की रुग्ण असहाय असताना त्याच्या अवस्थेचा गैरफायदा घेऊन, त्याच्या इच्छेविरुद्ध, फसवून, मी त्याच्यावर येशूच्या नावाची प्रार्थना लादली. त्याबद्दल मी माफी मागते. यापुढं मी कुणाच्याही घरी ते नाव घेणार नाही.

खाली साक्षीदाराची जागा होती. तिथं आधीच सही झालेली होती. मराठीत, वळणदार, मुख्याध्यापकांच्या हाताची.

मी साहेबांना म्हटलं, “कळत न्हाय त्या भाषेतल्या कागदावर सही घेणं म्हणजे अपमान, असं तुम्हीच बोललासा. आमच्या गावात. मी टाळ्या वाजवल्यात.”

“जास्त बोलू नको. सही कर.”

“आप्पांना विचारा की आधी. आप्पा, प्रार्थना कर म्हणून कोण म्हटलं? हुकूम समज म्हणून कोण म्हटलं?”

आप्पांनी पेपर खाली केला नाही. पेपरच्या मागनंच आवाज आला, “मला ताप होता. मला काही आठवत नाही.”

माझ्या संकेश्वरच्या बाईची चूक पकडणारा माणूस. कुठलं वाक्य कुणी पदरचं घातलं, हे अचूक आठवणारा माणूस. येशूला पकडून नेलं तेव्हा त्याच्या एका जवळच्या शिष्यानंही सांगितलं होतं, मी याला ओळखत नाही. पण तो नंतर बाहेर जाऊन रडला. आप्पांनी पेपरचं पान उलटलं.

मी बघत राहिले. राग यायला हवा होता. राग नाही आला. किळस आली. या माणसासाठी मी रोज सकाळी थुंकत होते? ही माणसं मला घाण म्हणत होती?

तेवढ्यात वहिनी पुढं आल्या. “देव्हाऱ्यासमोर उभी राहून घेतलं हिनं ते नाव! आधी चूळ भरायला लावा हिला.”

“वहिनी,” मी म्हटलं, “ते नाव तुमच्याच कागदात हाय. तुम्हीच टाइप करून आणलाय. टाइप करणाऱ्यानं चूळ भरली काय? सायबांनी वाचलं, त्यांनी भरली काय?”

“तोंड वर करून बोलतीस?”

“व्हय. बारा दिवस खाली घालून बघितलं. आता न्हाय. मी चूळ भरणार न्हाय. सहीबी करणार न्हाय.”

साहेब उठले. “प्रकरण स्टेशनात जाईल. मी वकील आहे, विसरू नको. दे तो कागद.”

“माझ्या नावाचा कागद हाय. माझ्यापाशीच ऱ्हाईल.”

घडी घालून मी तो पिशवीत टाकला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. बाजूनं वळसा घालून मागं गेले, खोलीतलं माझं बोचकं घेतलं. मोरीपाशी तांब्या होता, उद्यासाठी की काय, पुन्हा भरून ठेवलेला. मी तो जास्वंदीच्या बुंध्याशी ओतला आणि फरशीवर पालथा घालून निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खोलीपर्यंत चार किलोमीटर चालले. 

त्या आठवड्यात मी शहरातल्या जुन्या चर्चचा कारभार बघणाऱ्या एका पंचांकडं गेले. वाटलं, हे तरी आपले. पिढ्यान्‌पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं, मुलं इंग्रजी शाळेत, घरात पियानो. त्यांनी मला व्हरांड्यात उभं केलं. तिथं खुर्ची होती, पण बस म्हटलं नाही. कागद वाचून ते म्हणाले, “सही करून टाक. सध्याचे दिवस बरे नाहीत. तुम्ही नवीन लोक फार मोठ्यानं प्रार्थना करता. आम्हाला त्रास होतो त्याचा.”

नवीन लोक. माझी आई चर्चमध्ये जायला लागली त्याला चाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, “साहेब, तुमच्या आज्याला कुणीतरी मोठ्यानंच सांगितलं असंल न्हवं?” त्यांनी जाळीचं दार लावून घेतलं. अशी दारं सगळ्यांकडं सारखीच असतात, हे मला त्या दिवशी कळलं. देव्हारा असो नाहीतर क्रूस असो.

मग व्हायचं ते झालं. साहेबांनी टिळकवाडीत सगळीकडं सांगितलं, ही बाई आजारी माणसांना बाटवते. वर्षभर त्या भागात मला कुणी दारात उभं केलं नाही. एका रविवारी दोन पोलीस खोलीवर आले, इथं कोण कोण जमतं म्हणून विचारायला. मी त्यांना कन्नडमध्ये सगळं सांगितलं. कागद दाखवला. त्यातल्या एकानं तो दोनदा वाचला, आप्पांच्या सहीवर बोट ठेवून, बाईच्या सहीआधीच साक्षीदाराची सही, असं काहीतरी पुटपुटला आणि परत दिला. परत आले नाहीत. पण साखळीतल्या बेळगावच्या एका बाईनं भिऊन फोन उचलणं सोडलं. तिच्यावर मी रागावले नाही. तिला घर आहे, सासू आहे. मी तिच्या जागी शेजारच्या गल्लीतली दुसरी जोडली. नंदगडच्या बाईचा नवरा वारला. त्या सकाळीही तिनं पहिल्या घंटेला फोन उचलला आणि म्हणाली, “आज वचन तू वाच गं, मी नुसतं ऐकतो.”

आता चार-पाच वर्षं झाली. दुसऱ्या भागात मला कामं मिळतात. म्हातारी माणसं, पडून असलेली माणसं. नवीन घरी गेले की मी एक करते. बसायच्या आधी पिशवीतनं तो कागद काढते आणि टेबलावर ठेवते. घड्यांवर फाटायला आलाय, म्हणून प्लास्टिकमध्ये घातलाय. कन्नड येत नसेल तर मराठीत वाचून दाखवते. मग सांगते, ह्यावर मी सही केली नाही. मी येशूची आहे. सकाळी साडेसहाला मी फोनवर प्रार्थना करते, लपून करत नाही. तुमच्या पेशंटनं विचारलं तर मी सांगणार, नाही विचारलं तर मी बळंच सांगणार नाही. पुढच्या दारानं येणार. पटत नसेल तर आत्ताच सांगा. काही घरं नको म्हणतात. चहा पुढं आलेला असतो, तो तसाच ठेवून मी उठते. काही घरं हो म्हणतात. एका आजींनी तर विचारलं, “ह्यो मास्तर कोण गं सही करणारा? नाव काय त्या भेकडाचं?”

गेल्या महिन्यात सकाळी फोन वाजला. मला वाटलं संकेश्वरची बाई. वहिनी होत्या.

“मी बोलतीय. ओळखलंस काय?” आवाज मऊ होता. “आप्पांना पक्षाघात झालाय गं. अंथरुणावरच आहेत. दोन बायका आल्या आणि सोडून गेल्या. आप्पा तुझंच नाव घ्यायलेत. सिस्टर, तुम्ही याल काय?”

परत सिस्टर. परत तुम्ही.

“माझं नाव आठवतंय त्यांना?” मी विचारलं.



नंतर आमच्या पाळकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, क्षमा कर. क्षमा मी कधीच केली आहे. आप्पांचं नाव आजही मी सकाळी घेते, निपाणीपासनं नंदगडपर्यंत जातं ते. अंथरुणात पडलेल्या म्हाताऱ्याचं मला वाईटही वाटतं. पण पुन्हा त्या घरात जाऊन, त्यांनी काही म्हटलंच नव्हतं असं समजून त्यांची पाठ चोळायची, याला मी क्षमा म्हणत नाही. ती तेराव्यांदा भरलेली चूळ होईल.

म्हणून त्या सकाळी फोनवरच मी वहिनींना सांगितलं, “येतो. पण पुढच्या दारानं. दारात तांब्या दिसला तर तिथनंच माघारी. आणि मी आले की आप्पांनी तुमच्या सगळ्यांच्या म्होरं, पुण्याच्या ताईंना फोनवर घेऊन म्हणायचं, प्रार्थना कर म्हणून मीच सांगिटलंतं. जीभ वळत नसली तर मान हलवू देत. ते झाल्याबिगर मी हात लावणार न्हाय.”

“अगं, आजारी माणूस आहे तो...”

“तवाबी आजारीच हुते.”

फोन कट झाला. परत अजून आलेला नाही. नाही आला तरी चालेल. कागद पिशवीत आहे, पिशवी खुंटीला आहे. बोलावलं तर मी जाईन, पण माझं तोंड आता कुणाच्या मोरीत रिकामं होणार नाही. त्या सकाळीही वहिनींचा फोन कट झाला आणि साडेसहाला संकेश्वरचं वचन आलं. मी नंदगडला फोन लावला.